‘अडचण आहे’ सांगून काढलेली दोन वर्षं : एका नास्तिक विद्यार्थिनीचं प्रकरण

मी मुंबईतल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आमच्याकडे प्रत्येक शिक्षकाला वीस-बावीस मुलं मेंटी म्हणून दिलेली असतात, म्हणजे त्यांची हजेरी, मार्क, घरचं काही असेल तर ते बघायचं. त्यातल्याच एका मुलीचं हे प्रकरण. तिला विचारून लिहितेय, लिहिलेलं तिला वाचायला दिलं, दोन ठिकाणी ती म्हणाली "हे काढा मॅडम", ते काढलंय. नाव देत नाही, कॉलेजचंही नाही, ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात. मी स्वतः देव मानते, आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती येतो, हे आधीच सांगून ठेवते. या सगळ्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती दुसऱ्या कोणा शिक्षकाच्या हातून होऊ नये असं फार वाटतं.

पार्श्वभूमी

मुलगी तेव्हा १९ वर्षांची, एस.वाय.बी.एस्सी.ला. घर लालबाग-परळ भागातल्या चाळीत, तिसरा मजला. आजोबा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर त्यांना परत कामावर घेतलंच नाही, आता ते नाहीत. घरात आजी, आई, पप्पा, ही आणि शाळेत जाणारा भाऊ. पप्पा एका खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघतात, आई घरून पोळी-भाजीचे डबे करते. मूळ गाव मालवणकडे, गणपतीला सगळे गावी जातात, भावकीतली सगळी घरं उघडतात तेव्हा.

चाळीत देव ही एकट्याची गोष्ट नसते हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. नवरात्रात खाली देवी बसते, मार्गशीर्षातल्या गुरुवारी प्रत्येक दारात रांगोळी, कोणाकडे सत्यनारायण असला की सगळा मजला जेवायला, आणि कोण आलं कोण नाही हे कॉमन गॅलरीत उभं राहिलं की दिसतं. तिथे "मी मानत नाही" म्हणणं म्हणजे एका अर्थी "मी तुमच्यात नाही" म्हणण्यासारखंच ऐकू येतं, बोलणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी.

तिचा विश्वास कसा गेला हे मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं कोणी वारलं असेल, नवस फुकट गेला असेल, असं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "मॅडम, मला देवाचा राग वगैरे नाही आला. अकरावीत असताना एकदा रात्री नेहमीसारखं मनातल्या मनात बोलत होते आणि लक्षात आलं की मी एकटीच बोलतेय, पलीकडे कोणी नाहीये." बस, एवढंच. त्यानंतर वर्षभर तिनं स्वतःला परत विश्वास बसावा म्हणून प्रयत्न केले, संकष्ट्या केल्या, नाही बसला.

मग बारावीपासून दोन वर्षं तिनं घरी एकच कारण सांगून काढली, "अडचण आहे". पाळी आहे म्हटलं की आपल्याकडे कोणी पुढे काही विचारत नाही, आरतीला बोलवत नाहीत, प्रसादाच्या भांड्याला हात लावायला लावत नाहीत, उलट "तू लांब बस" म्हणतात. पण पाळी महिन्यातून एकदाच येणार, आणि आई कालनिर्णयवर खूण करते. त्यामुळे हिला डोक्यात हिशोब ठेवायला लागायचा की या महिन्यात सत्यनारायण आहे तर खरी तारीख लपवायची, पुढच्या महिन्यात हळदीकुंकू आहे तर दोन दिवस वाढवून सांगायचे. ज्या विटाळावर तिचा काडीचाही विश्वास नाही त्याच विटाळाच्या आड तिला लपायला लागत होतं, आणि हे तिला देव न मानण्यापेक्षा जास्त टोचायचं. मला हे सगळं खूप नंतर कळलं. आधी कळलं असतं तर पुढचं झालं नसतं.

अशी मुलं किती असतील? २०११ च्या जनगणनेत देशभरात नास्तिक म्हणून नोंद झालेले लोक सुमारे ३३ हजार, त्यातले साडेनऊ हजारांच्या वर महाराष्ट्रात. १२१ कोटींच्या देशात हे काहीच नाही, पण हा आकडा कसा तयार होतो ते बघा, प्रगणक दारात येतो आणि घरातलं मोठं माणूस सगळ्यांच्या वतीनं सांगतं. कुठल्या वडिलांनी सांगितलं असेल की आमची मोठी मुलगी सोडून बाकीचे हिंदू लिहा?

खंडेनवमीच्या दिवशी

आमच्या डिपार्टमेंटला दरवर्षी खंडेनवमीला यंत्रपूजा होते. लॅबचे मामा पहाटे दादरच्या फुलबाजारातून झेंडू आणतात, बॅलन्स, ओव्हन, पीएच मीटर, कलरीमीटर सगळं पुसून त्याला हार, हळदीकुंकू, फ्यूम हूडला आंब्याचं तोरण. मला स्वतःला तो दिवस फार आवडतो. त्या वर्षी एचओडी सरांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं, "आरती टॉपरच्या हातून होऊ दे." त्यांच्या मनात कौतुकच होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

ती म्हणाली, "सर, मी मामांना प्रसाद वाटायला मदत करते, आरती दुसऱ्या कोणाला द्या ना." सर हसत म्हणाले, "अगं लाजतेस काय." आमच्या एक सहकारी बाई तिच्या कानाशी गेल्या, "अडचण आहे का गं?" आणि इथे, ज्या शब्दावर तिनं दोन वर्षं काढली होती तोच शब्द कोणीतरी आयता हातात ठेवल्यावर, ती म्हणाली, "नाही मॅडम. मी मानत नाही." आवाज चढवून नाही बोलली, पण लॅबमध्ये त्या क्षणी नेमकी शांतता होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

मी नंतर विचारलं, त्याच दिवशी का? म्हणाली, "लॅबमध्ये पण खोटं बोलायचं असेल तर मग कुठे नाही बोलायचं?"

एक मुलगा रील करायला मोबाईल धरूनच उभा होता. बारा सेकंदांचा व्हिडिओ संध्याकाळी क्लासच्या ग्रुपवर, रात्री कोणाच्या तरी स्टेटसला, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तो तिच्याच चाळीतल्या एका काकूंच्या फोनमध्ये. काकूंनी आईला दाखवला, आवाज नीट येत नव्हता, एवढंच दिसत होतं की ही मागे सरकली. आईनं विचारलं, तिनं सांगितलं "अडचण होती म्हणून". आईला पटलं. म्हणजे प्रकरण तिथल्या तिथे मिटलं होतं, निदान घरापुरतं तरी.

माझा फोन

कॉलेजात मात्र चर्चा चालू होती. स्टाफरूममध्ये दोन गट पडले, ग्रुपवर मुलं काहीबाही टाकत होती, आणि मला वाटलं की हे घरापर्यंत वेडंवाकडं पोचायच्या आत आपण नीट सांगावं. मेंटी फॉर्मवर आईचा नंबर होता. मी तिला न विचारता फोन केला.

माझे शब्द मला अजून पाठ आहेत. "ताई, काळजी करू नका, तिनं कोणाचा अपमान केलेला नाही, तिनं फक्त शांतपणे सांगितलं की ती देव मानत नाही, बाकी काही नाही." पलीकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. मग आईनं विचारलं, "कधीपासून?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले ते. मी तिची बाजू घ्यायला फोन केला होता आणि जी गोष्ट तिनं दोन वर्षं जिवापाड सांभाळली, कधी सांगायची, कशी सांगायची, आजी घरात नसताना की असताना, परीक्षेच्या आधी की नंतर, हे सगळं ठरवायचा तिचा हक्क मी दोन मिनिटांत काढून घेतला. तिचं सत्य होतं, मी ते सांगायला नको होतं. चांगल्या हेतूनं केलं म्हणून ते कमी होत नाही.

पुढचे बारा दिवस

ती बारा दिवस कॉलेजला आली नाही. फोन पप्पांकडे. घरी आरडाओरडा फार झाला नाही म्हणे, आई बोलेनाशी झाली आणि एवढंच म्हणाली की आजपासून तू दिव्याला हात लावायचा नाहीस. काका येऊन बसले, "कॉलेजात कोण शिकवतंय हे?" पप्पांनी सांगितलं, पुढच्या वर्षीच्या फीचं पुढच्या वर्षी बघू. हे वाक्य साधं दिसतं, पण तिच्यासाठी ते सगळ्यात भीतीचं होतं, कारण पुढचं वर्ष म्हणजे टी.वाय., पदवीचं तिसरं वर्ष. शिवाय ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, प्रॅक्टिकल्स बुडत होती.

तेराव्या दिवशी ती आली, आजीनं पप्पांना सांगून पाठवली होती. मी आधी तिची माफी मागितली, कारण न सांगता, "पण मला वाटलं" न लावता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मी तिला सरळ विचारलं की जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का. हे विचारायला भीती वाटते, पण विचारायलाच पाहिजे, विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते शिरत नाही. ती म्हणाली "नाही, झोप येत नाही फक्त". टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिला, मराठीतून बोलता येतं, फुकट आहे, आणि घरच्या फोनवरून करायला नको असेल तर माझ्या केबिनमधून कर म्हटलं.

त्याच आठवड्यात दुसरा एक मुलगा, वेगळ्या धर्मातला, माझ्याकडे जर्नल तपासायला म्हणून आला आणि दार लोटून म्हणाला, "मॅडम, तिनं निदान बोलून टाकलं. माझ्याकडे ते शक्यच नाही." त्याच्याबद्दल याहून एक अक्षरही लिहिणार नाही. पण न सांगणं हा सुद्धा विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो आणि त्याला भित्रेपणा म्हणायचा हक्क बाहेर उभ्या असलेल्या कोणालाच नाही, हे मला त्याच्यामुळे कळलं.

कोणकोणते रस्ते होते

पहिला रस्ता कायद्याचा. माझी एक मैत्रीण वकील आहे, तिनं समजावून सांगितलं. संविधानाचं कलम २५ सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं, आणि कलम २८ च्या तिसऱ्या भागात स्पष्ट आहे की सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा पूजेअर्चेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. इथे एक बारीक मेख आहे, विद्यार्थी अज्ञान असेल म्हणजे १८ च्या खाली असेल तर संमती पालकांची धरली जाते. म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलाचं मत काही का असेना, कायद्यात घरचे बोलणार. ही १९ ची, त्यामुळे तिचा स्वतःचा नकार पुरेसा होता.

निकालही तिच्या बाजूचे आहेत. केरळमधली तीन मुलं शाळेत राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण धार्मिक कारणानं म्हणायची नाहीत, त्यांना शाळेतून काढलं होतं, सुप्रीम कोर्टानं १९८६ साली परत घ्यायला लावलं. नाशिकच्या एका शिक्षकानं शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली होती, २०१३ साली मुंबई हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. आणि २०१४ साली याच हायकोर्टानं सांगितलं की धर्म जाहीर करायची सक्ती सरकार कोणावर करू शकत नाही, "मला धर्म नाही" असं म्हणता येतं.

म्हणजे लेखी तक्रार केली असती तर ती भक्कम झाली असती. मी तिला ड्राफ्टसुद्धा करून दिला. तिनं वाचला, घडी घालून परत दिला. "मॅडम, यात मामांचं पण नाव येईल ना? ते पहाटे चारला उठून फुलं आणायला गेले होते." मी म्हटलं नाव नाही येणार, पण पूजा त्यांची, त्यांना लागेलच. "मग नको." तिला फक्त दोन गोष्टी पाहिजे होत्या, व्हिडिओ डिलीट व्हावा आणि पुढच्या वर्षी कोणाचंही नाव पुकारून उभं करू नये.

ती तक्रार न करण्यात चूक झाली का, यावर आम्ही दोघी आजही वेगळं बोलतो. मला वाटतं व्हिडिओची तरी लेखी तक्रार व्हायला हवी होती, पूजेशी त्याचा संबंध नव्हता, न विचारता एखाद्या मुलीचा व्हिडिओ फिरवणं ही वेगळी गोष्ट आहे. मी दोन्ही एकाच अर्जात घातलं आणि त्यामुळे एक नको म्हणताना दुसरं पण गेलं.

दुसरा रस्ता घर सोडायचा. पीजी, हॉस्टेल, पार्ट-टाइम ट्युशन घेऊन खर्च. हिशोब मांडला, परळ-दादर भागात पीजीचं भाडं आणि तिची ट्युशनची कमाई यांचा मेळ बसेना. शिवाय तिला घर सोडायचंच नव्हतं. आईवर रागावलेली होती पण रोज सकाळी डब्यांसाठी कांदा कापून देत होती.

तिसरा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या कोणा कार्यकर्त्याला घरी न्यायचं. माझ्या ओळखीचे एक-दोन जण आहेत, माणसं चांगली. पण तिनंच सांगितलं की आईला वाटेल मला कोणीतरी फितवलंय. आणि आईच्या मनात काय होतं ते नंतर कळलं, तिनं मला विचारलं, "म्हणजे ही दाभोलकरांसारखी होणार का? त्यांना मारलं ना हो." २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, ती सकाळ या बाईंच्या डोक्यात कुठे जाऊन बसली होती बघा. डॉक्टरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती बुवाबाजी आणि शोषणाच्या विरोधात होती, देव माना की नका मानू यात ती पडत नव्हती, आणि त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यातही देव मानण्या-न मानण्याबद्दल काही नाही, हे मी सांगितलं. पण आईला वाद घालायचाच नव्हता, तिला पोरगी जिवंत पाहिजे होती.

आणि चौथा रस्ता, जो चाळीतल्या बहुतेकांनी सुचवला, "हात जोड ना, काय बिघडतं". खरं सांगते, पहिल्या दिवशी माझ्याही मनात हेच आलं होतं. पण दोन वर्षं तिनं तेच तर केलं होतं.

काय केलं

आधी एचओडी सरांशी बोलले. ते रागावण्यापेक्षा दुखावले होते, "मी कधी कोणावर जबरदस्ती केली का?" मी म्हटलं सर, चाळीस मुलांसमोर नाव घेतलं की नाही म्हणायची सोय राहत नाही. ते गप्प झाले. त्या मुलाला बोलावून व्हिडिओ काढायला लावला. दुसऱ्या गोष्टीवर मात्र "बघू" म्हणाले. स्टाफरूममध्ये एक सर म्हणत होते हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, समाजसुधारक आगरकरांची त्यांच्या हयातीत पुण्यात प्रेतयात्रा काढली होती लोकांनी, र. धों. कर्व्यांना १९२५ साली इथे मुंबईत विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली संततिनियमनाच्या कामापायी, हे दोघे काय परदेशातून आले होते? देव न मानणारी माणसं मराठीत तेव्हापासून आहेत, आपल्या गल्लीत दिसत नाहीत एवढंच.

घरी कोणी जायचं यावर आम्ही बराच विचार केला. तिनं निवडली कल्याणची मावशी, नर्स आहे, आईची धाकटी बहीण, आणि मी. मला न्यायला ती आधी तयार नव्हती, आणि ते बरोबरच होतं. नंतर म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, तर तुम्हीच आईसमोर सॉरी म्हणा." म्हटलं.

आईनं चहा ठेवला आणि पहिलाच प्रश्न, "माझं काय चुकलं?" मग बाकीचे आले, लग्न कोण करणार हिच्याशी, मी गेल्यावर दिवा कोण लावणार, माझं शेवटचं हिच्या हातून होणार की नाही. यात देव आहे की नाही हा प्रश्न एकदाही आला नाही. मी केव्हापासून पुरावे, तर्क, कलमं डोक्यात घोळवत बसले होते आणि त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मुलगी म्हणाली, "आई, तुझं सगळं मी करणार. मंत्र दुसरं कोणी म्हणेल, पण तुझ्याजवळ मीच असणार." मावशी रडायला लागली.

मी देव मानते हे कळल्यावर आई जरा सैल झाली आणि म्हणाली, "मग तुम्हीच समजवा ना तिला." इथे मी नाही म्हटलं. आई चिडली, म्हणाली मग तुम्ही आलात कशाला. हो म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण मग त्या मुलीला जायला एकही जागा उरली नसती. त्या दिवसातला हा एक निर्णय मी आजही तसाच घेईन.

आजी कोपऱ्यात सुपारी कातरत बसली होती. मध्येच म्हणाली, "तुझ्या आजान कधी हात जोडल्यान? लाल बावट्याचो माणूस. गणपतीक येय, भजनाक टाळ वाजय, पण हात जोडूचो नाय." घरात कोणालाच हे धड माहीत नव्हतं, पप्पांना अंधुक आठवत होतं. मला वाटलं आता गाठ सुटली. पण आई लगेच म्हणाली, "ते पुरुष होते, आई." आणि हे खोटं नव्हतं. घरातले सणवार, उपास, नैवेद्य बायकांच्या हातून चालतात, पुरुषानं हात नाही जोडले तर त्याचा स्वभाव म्हणून सोडून देतात, मुलीनं नाही जोडले तर घराचं काम अडतं.

त्या रात्री मुलीनं जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहून काढलं, काय करणार आणि काय नाही. गावी येणार, मोदक वळणार, मखर करणार, पाहुण्यांचं बघणार, आरती चालू असताना गप्प उभी राहणार. हात जोडणार नाही, उपास करणार नाही, पाळीत लांब बसणार नाही, आणि शेवटी दोनदा अधोरेखित करून, "अडचण आहे असं खोटं सांगणार नाही". ते पान तिनं पप्पांना दाखवलं. पप्पांनी वाचून खिशात ठेवलं, बोलले काहीच नाहीत.

मार्गशीर्षात एक पेच आला. आईला मोतीबिंदू उतरत होता, गुरुवारची पोथी वाचता येईना, आणि भाऊ चुकीचं वाचतो. आईनं सांगितलं नाही, फक्त पोथी टेबलावर ठेवली. हिनं वाचली, चारही गुरुवार, मोठ्यानं, नीट उच्चार करून. तिच्या एका विवेकवादी मित्रानं तिला ढोंगी म्हटलं, मग तत्त्वाचं काय राहिलं? तिचं उत्तर होतं की मी देवीला नाही वाचून दाखवत, आईला दाखवते. यावर वाद होऊ शकतो, मला माहितीये. पण कुठली रेघ कुठे ओढायची हे जिला त्या दहा बाय बाराच्या खोलीत राहायचंय तिनंच ठरवावं.

फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्याचा पण विषय निघाला, तिला तो कोरा ठेवायचा होता. २०१४ चा निकाल हाताशी होता, तरी त्या वर्षी ते नको असं ठरलं. स्कॉलरशिपचा अर्ज अडकला तर फीचं कारण घरच्यांना आयतं मिळालं असतं, आणि एका वेळी एकच लढाई पुरे होती.

पुढे काय झालं

फी भरली पप्पांनी. न सांगता, जूनमध्ये पावती टेबलावर ठेवलेली. पण त्या सेमिस्टरला बुडालेल्या प्रॅक्टिकल्समुळे एका विषयात केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला, टॉपर मुलीचा, आणि ती पुढच्या प्रयत्नात सुटली तरी मार्कशीटवर ते राहणार. शाळेपासूनची एक मैत्रीण तुटली ती तुटलीच. व्हिडिओवाल्या मुलानं "सॉरी यार" असा मेसेज केला, तिनं उत्तर दिलं नाही.

गणपतीत गावी भावकीसमोर पप्पांनी आरतीचं ताट तिच्या हातात दिलं. मुद्दाम की सवयीनं, ते कळलं नाही. तिनं घेतलं, शेजारच्या चुलत बहिणीच्या हातात दिलं आणि टाळ उचलले. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. परतीच्या गाडीत, रत्नागिरी गेल्यावर कधीतरी, विचारलं, "एम.एस्सी.चे फॉर्म कधी निघतात?"

दिव्याला हात लावायची परवानगी आईनं अजून दिलेली नाही. तिनं मागितलेलीही नाही, म्हणते देवघर आईचं आहे. पाळीचं मात्र आता घरात कोणी विचारत नाही, कालनिर्णयवरची खूण बंद झाली. खंडेनवमीच्या नोटिशीत त्या वर्षी "ज्यांना यायचं आहे त्यांनी यावे" असं आलं, आरती मामांनी केली. ती पहाटे मामांबरोबर फुलबाजारात गेली होती, आरतीच्या वेळी मागच्या सिंकवर ब्युरेट धूत होती, आणि नंतर मामांनी तिला आपट्याची पानं दिली ती तिनं घेतली.

आता वेगळं काय करेन

फोन करणार नाही. कितीही घाई वाटली तरी आधी मुलीला विचारेन की घरी काय माहीत आहे, तू काय सांगितलंयस. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबता येत नाही, पण इथे तसं काहीच नव्हतं, मला माझी अस्वस्थता शांत करायची होती.

दसऱ्याच्या आधी डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं ती पूजा बघतेय, कधी मनात आलं नाही की चाळीस मुलांत एखादं असेल ज्याला हे नको असेल, कारण मला ते हवंहवंसं वाटायचं. आपल्याला जे आवडतं त्यात कोणाची तरी घुसमट होत असेल हे दिसत नाही लवकर.

अठराच्या खालच्या मुलाचं प्रकरण असतं तर माझ्याकडे फार कमी रस्ते असते. तिथे कलम २८ पालकांकडे बोट दाखवतं, त्यामुळे ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना मी घाईनं उघड बोलायला कधीच सांगणार नाही. शिक्षण पूर्ण होईपर्यंत गप्प राहणारा मुलगा मला आता समजतो.

मेंटी फॉर्मवर मी यंदा पेनानं एक ओळ वाढवली आहे, "घरी फोन करायचा असल्यास आधी कोणाला विचारावे?" बावीस फॉर्म आले. बहुतेकांनी ती ओळ कोरी सोडली, दोघांनी आईचं नाव लिहिलं. तिघांनी लिहिलंय, "आधी मला." कारण मी कोणालाच विचारलेलं नाही.